वाट कुणाची, माल कुणाचा : नेट न्यूट्रॅलिटीच्या दोन्ही बाजू तपासताना



हाच विषय आम्ही पेणला मांडला, तेव्हा सभा संपल्यावर दोन आक्षेप आले. पहिला असा की, हा शहरातल्या इंग्रजी शिकलेल्यांचा वाद आहे, त्याचं पेण-रोह्याला काय? दुसरा असा की, कंपनी फुकट इंटरनेट देत होती, तर सरकारने अडवलं कशाला? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं तितकं सोपं नाही, आणि नेट न्यूट्रॅलिटीची बाजू घेणाऱ्यांनी ते बऱ्याचदा टाळलेलं आहे. आम्ही स्वतः या बाजूचेच. म्हणून आज रोह्यात दुसऱ्या बाजूला तिचं पूर्ण माप देऊन बोलायचं ठरवलं आहे.

आधी शब्द समजून घेऊ. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या वाटेवरून जाणाऱ्या मजकुरात मालकाचं तोंड बघून भेदभाव करू नये, हे झालं नेट न्यूट्रॅलिटीचं सार. एक साइट बंद, दुसरी मुद्दाम हळू, तिसरी फुकट, असं करायचं नाही. हा शब्द टिम वू या अमेरिकी कायदेपंडिताने २००३ साली रूढ केला. पण कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि ती समजायला आपल्या रोहा स्टेशनइतकी सोयीची जागा नाही.

रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. एका संस्थेचे रूळ दुसरीच्या रुळांना जोडलेले आहेत. मुंबईहून निघालेल्या गाडीला रोह्यात थांबवून, 'तुमच्या डब्यात कुणाचा माल आहे? त्या व्यापाऱ्याशी आमचा करार नाही, म्हणून पुढे सोडत नाही,' असं कुणी म्हणत नाही. इंटरनेटही असंच जोडलेलं असतं. तुमच्या मोबाइल कंपनीचं जाळं दुसऱ्या जाळ्याला, ते तिसऱ्याला. सगळ्यांनी एकमेकांचा माल पुढे सोडला तरच त्याला इंटरनेट म्हणायचं.

रेल्वेच्या बाबतीत ही नुसती रीत नाही, कायदा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम ७० सांगतं की, मालवाहतुकीत रेल्वेने कुणाही व्यक्तीला किंवा कुठल्याही प्रकारच्या वाहतुकीला अवाजवी झुकतं माप देऊ नये. यातला 'अवाजवी' हा शब्द लक्षात ठेवा. आपला सगळा वाद त्या एका शब्दात आहे.

कारण रेल्वे सगळ्यांना सारखं वागवते, असं आपण रोहेकरांना तरी सांगायला नको. दिवा–रोहा गाडी बाजूला उभी करून मागून येणारी एक्सप्रेस पुढे काढतात, हे इथल्या प्रत्येकाने सोसलेलं आहे. मालाच्या जातीप्रमाणे भाड्याचा दर बदलतो. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेवर तर भाडं लावताना अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त धरतात, कारण डोंगर फोडून, बोगदे काढून तो मार्ग बांधावा लागला. म्हणजे दरात फरक आहे, वेगात फरक आहे. पण तो फरक डब्यात बसलेला माणूस कोण आहे किंवा मालाचा धनी कोण आहे यावर ठरत नाही. नियम आधी जाहीर असतो आणि तो सगळ्यांना लागू असतो.

नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूने बोलणारे बरेचदा 'प्रत्येक बिट समान' अशी घोषणा देतात. आमच्या मते ही घोषणा ऐकायला छान आणि वापरायला चुकीची आहे. जाळ्यावर गर्दी झाली की काही ना काही मागे ठेवावंच लागतं. बोलणं सुरू असलेला कॉल अर्धा सेकंद अडला तर संभाषण तुटतं. ईमेल अर्धा सेकंद उशिरा आला तर कुणाला कळतही नाही. तेव्हा प्रश्न समानतेचा कमी, आणि कोणता फरक वाजवी व कोणता अवाजवी हे ठरवण्याचा जास्त आहे.

आता थोडा इतिहास. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळा आकार लावायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत मागे घेतलं. मार्च २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, या विषयावर सल्लापत्र काढलं. एप्रिलमध्ये 'एअरटेल झिरो' आलं. यात ग्राहकाच्या डेटाचे पैसे ॲपची कंपनी भरणार होती, ग्राहकाला ते ॲप फुकट. टीका झाल्यावर फ्लिपकार्टने त्यातून अंग काढलं. ट्रायकडे दहा लाखांवर ईमेल गेले. त्याच वर्षी फेसबुकची इंटरनेट डॉट ऑर्ग योजना रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर भारतात आली आणि सप्टेंबरमध्ये तिचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं. ठरावीक साइट्स फुकट, बाकीच्या इंटरनेटला पैसे. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम काढला : मजकूर बघून डेटाचा दर बदलता येणार नाही. मोडल्यास दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. पुढे २०१८ मध्ये अडवणूक आणि मुद्दाम वेग कमी करणं यांनाही परवान्यांच्या अटींतून मनाई झाली.

आता विरोधी बाजू. तिचा पहिला आणि सगळ्यात वजनदार मुद्दा असा : ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला थोडं मिळत असेल तर ते अर्धवट आहे म्हणून हिसकावून घेण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तुम्ही पूर्ण इंटरनेटवर बसून त्याला तत्त्व शिकवता आहात.

हा मुद्दा मार्क झुकरबर्ग यांनी डिसेंबर २०१५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियातल्या लेखात मांडला. त्यात आपल्या महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचं उदाहरण होतं. त्याला फ्री बेसिक्सवर हवामान कळलं, बाजारभाव कळले, त्याचं भलं झालं, असं ते सांगत होते. आणि एक तुलना होती : ग्रंथालयात जगातली सगळी पुस्तकं नसतात, सरकारी दवाखान्यात सगळे उपचार नसतात, तरी आपण ती चालवतोच ना? तसंच हे.

ही तुलना नीट तपासू या, कारण ती सहज पटते. आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. तालुक्याच्या वाचनालयाला शासनाचं अनुदान मिळतं, पुस्तकं समिती निवडते, समिती सभासदांना उत्तर देते. पुस्तकं कमी असतात हे खरं. पण समजा, एखाद्या प्रकाशकाने गावात फुकट वाचनालय काढलं, कुठली पुस्तकं ठेवायची याच्या अटी तोच लिहिणार, कोण काय वाचतं याची नोंदही त्याच्या हातून जाणार, आणि कपाटात त्याचं स्वतःचं मासिक कायम असणार. तर त्याला आपण वाचनालय म्हणू की दुकान? पुस्तकांची संख्या दोन्हीकडे सारखी असू शकेल. निवड कोण करतो आणि त्याला जाब कोण विचारतो, यात फरक आहे.

दुसरी गोष्ट. त्या उदाहरणातला शेतकरी भाव वाचतो, हवामान वाचतो. तो काही विकत नाही, काही मांडत नाही. पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे या गावांत जा. तिथे गणपतीच्या मूर्तींचे कारखाने वर्षभर चालतात. आज तिथला कारखानदार मूर्तीचा फोटो, रंगकाम चालू असतानाचा व्हिडिओ परराज्यातल्या व्यापाऱ्याला पाठवतो, व्हिडिओ कॉलवर डोळ्यांची आखणी दाखवतो, परदेशातल्या मंडळाची ऑर्डर घेतो. त्यातल्या एखाद्याने उद्या स्वतःची साइट काढली, तर ती मोठ्या कंपनीच्या साइटसारखीच गिऱ्हाइकाच्या फोनवर उघडते. परवानगी लागत नाही, वेगळा करार लागत नाही. फुकट यादीच्या जगात ज्याच्याकडे फक्त ती यादी आहे, त्या गिऱ्हाइकापर्यंत तो पोचलाच नसता. अशी योजना माणसाला वाचक करते, विक्रेता करत नाही. पेणसारख्या गावाचं पोट विकण्यावर आहे, मग मूर्ती असोत, पोहे असोत की पापड.

म्हणजे विरोधी बाजूचा हा मुद्दा निकालात निघाला का? आमच्या मते नाही. पेण आणि रोह्याच्या डोंगरातल्या कातकरी-ठाकूर वाड्या डोळ्यांसमोर आणा. 'तुम्हाला अर्धवट नको, पूर्णच हवं' असं तिथल्या मुलीला सांगायचं, तर पूर्ण देण्याची जबाबदारीही सांगणाऱ्यावर येते. ती कुणी घेतली?

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा कमालीचा स्वस्त झाला आणि आमच्या बाजूचे लोक म्हणू लागले, बघा, फ्री बेसिक्सशिवायही गरिबांपर्यंत इंटरनेट गेलंच की. पण ते नियमामुळे गेलं नाही, दरयुद्धामुळे गेलं. आणि दरयुद्धाला टॉवरची रेंज लागते. जिथे रेंज नाही, पैसे नाहीत, तिथे युद्धही नाही. डिसेंबर २०१६ मध्ये ट्रायनेच एक शिफारस केली होती : ग्रामीण ग्राहकाला महिन्याला १०० एमबी डेटा फुकट द्यावा, त्याने तो हव्या त्या साइटवर वापरावा, खर्च सार्वत्रिक सेवा निधीतून व्हावा. फ्री बेसिक्सला याहून चांगलं उत्तर नव्हतं. फुकटही आणि खुलंही. ती शिफारस शिफारसच राहिली. तिच्यासाठी दहा लाख ईमेल गेले नाहीत. 'नको' म्हणायला आपण सगळे धावलो, 'हे द्या' म्हणायला कुणी उरलं नाही. नेट न्यूट्रॅलिटीच्या चळवळीवर आमची सगळ्यात मोठी टीका हीच आहे.

विरोधकांचा दुसरा मुद्दा पैशांचा. टॉवर आम्ही उभारायचे, डोंगरातून केबल आम्ही टाकायची, आणि त्यावरून व्हिडिओ दाखवून कमाई दुसऱ्यांनी करायची? मग जास्त माल पाठवणाऱ्या बड्या कंपन्यांनी वाटा द्यावा. गेली काही वर्षं मोबाइल कंपन्या ही मागणी पुन्हा जोरात करत आहेत.

इथे कोलाडकडे बघा, आपल्याच तालुक्यात आहे. १९९९ पासून तिथे कोकण रेल्वेची रो-रो सेवा चालते. माल भरलेला ट्रक वाघिणीवर चढवतात आणि गाडी निघते. ट्रक म्हणजे खरा तर रेल्वेचा प्रतिस्पर्धी. रेल्वेचा माल पळवणारा. पण रेल्वेने त्यालाच पाठीवर घेतलं, ट्रकमागे भाडं लावलं आणि धंदा केला. आत सिमेंट आहे की कांदे, आणि ते विकून व्यापारी किती कमावणार, यात हिस्सा मागितला नाही. मोबाइल कंपन्यांचंही तेच झालं. व्हॉट्सॲप कॉलने त्यांचं बोलण्याचं उत्पन्न खाल्लं, पण तो कॉल ज्या डेटावर चालतो तो डेटा त्याच विकतात. व्हिडिओ बघायला ग्राहक मोठं रिचार्ज मारतो. त्याने भाडं भरलेलं आहे. पलीकडच्या कंपनीनेही आपल्या टोकाचं भाडं भरलेलं आहे. तिसऱ्यांदा मागायचं ते कशाचं?

वाट बांधायला खर्च जास्त आला असेल तर दर वाढवा, कोकण रेल्वेसारखा, पण सगळ्यांना सारखा. यावर ते म्हणतील, मग भार गरीब ग्राहकावर पडेल. हा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच परवाना शुल्कातला एक भाग, कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नाच्या पाच टक्के, ग्रामीण सेवेसाठीच्या निधीत जायची तरतूद आहे. वाड्यांपर्यंत केबल न्यायची असेल तर हा निधी कुठे आणि कसा खर्च होतो हे विचारायला हवं. बड्या कंपन्यांकडून घेतलेला वाटा रोह्याच्या डोंगरात खर्च होईल, याची हमी त्या मागणीत कुठेच नाही. दक्षिण कोरियात जाळं वापरण्याचे पैसे मजकूर पुरवणाऱ्यांकडून घ्यायची पद्धत आहे. तिथला खर्च परवडत नाही म्हणून ट्विच या व्हिडिओ सेवेने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो देशच सोडला. ट्विचच्या मागे ॲमेझॉन आहे. ज्याच्या मागे कुणी नाही, त्याने काय करायचं?

तिसरा मुद्दा व्यवस्थापनाचा : दवाखान्याचा मजकूर आणि सिनेमा एकाच रांगेत उभे करायचे का? याचं उत्तर आपल्या नियमांत आधीच आहे. गर्दीचं वाजवी नियोजन चालतं, आणीबाणीच्या सेवांना सूट आहे, काही विशेष सेवा नियमाच्या बाहेर ठेवल्या आहेत. २०२१ साली तळियेला, २०२३ साली इर्शाळवाडीला दरड कोसळली. अशा वेळी बचावाच्या संदेशांना आधी वाट द्यायची तर कुठला नियम आडवा येत नाही. मात्र 'विशेष सेवा' या दारातून उद्या काय काय आत येईल, त्यावर लक्ष ठेवावं लागेल. त्यासाठी एक बहुपक्षीय मंडळ असावं अशी शिफारस ट्रायने २०२० मध्ये केली होती.

चौथा मुद्दा बाजाराचा. नियम कशाला, कंपनीने त्रास दिला तर ग्राहक दुसरीकडे जाईल. दहा-बारा कंपन्या होत्या तेव्हा हे बोलणं शोभत होतं. आता तीन खासगी आणि एक बीएसएनएल उरली आहे. आणि ज्या वाडीत एकाच कंपनीची रेंज येते, तिथला ग्राहक दुसरीकडे म्हणजे कुठे जाणार? अमेरिकेत २०१५ चा नियम २०१७ मध्ये गेला, २०२४ मध्ये परत आला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा रद्द केला. सरकार बदललं की नियम बदलतो. आपला टिकून आहे, ही जमेची बाजू.

पण टिकलेल्या नियमाच्या मर्यादाही सांगू. तो वाटेपुरता आहे, वाटेच्या टोकाला असलेल्या बाजाराला तो लागू नाही. रिचार्जबरोबर अमुक व्हिडिओ सेवेची वर्गणी जोडून मिळते, तेव्हा डेटाचा दर सारखाच राहतो आणि झुकतं माप मागच्या दाराने येतं. बड्या कंपन्या आपला मजकूर तुमच्या गावाच्या जवळच्या सर्व्हरवर आणून ठेवतात, म्हणून त्यांचं पान आधी उघडतं. हे नियमात बसतं. आणि मूर्ती विकणाऱ्याला आज खरी अडचण मोबाइल कंपनीची नाही. त्याचा फोटो कुणाला दिसेल हे ॲपचा मालक ठरवतो, आणि जास्त लोकांना दाखवायचा तर जाहिरातीचे पैसे मागतो. वाट तटस्थ आहे, पण चौकातला दुकानदार तटस्थ नाही. नेट न्यूट्रॅलिटी जिंकली म्हणजे इंटरनेट खुलं झालं, असं म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही.

आता शेवटचा मुद्दा, कौल कुणाचा घेतला याचा. २०१५ मध्ये दोन्ही बाजूंनी तयार मजकुरावर बटण दाबून संदेश पाठवले गेले. फ्री बेसिक्सच्या बाजूने आलेले लाखो संदेश विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देत नाहीत, असं ट्रायलाच सांगावं लागलं. आमच्या बाजूच्या ईमेलमध्ये प्रश्नांची उत्तरं होती हे खरं, पण ती लिहिली होती थोड्यांनी आणि पाठवली लाखोंनी. आणि ज्यांच्या नावाने दोन्ही बाजू भांडत होत्या, ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं, त्यांना ईमेलने विचारायची सोय नव्हती.

पेण तालुक्याला विचारण्याची दुसरी रीत माहीत आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत महामुंबई सेझबद्दल जनमत घेतलं गेलं. गावात जाऊन, मराठीत, शेतकऱ्याच्या हातात मतपत्रिका देऊन. इंटरनेटचं धोरण असं मतपत्रिकेवर ठरणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण ज्या वाडीच्या नावाने निधी गोळा होतो, तिला ग्रामसभेत 'तुम्हाला काय हवं' एवढं तरी विचारता येतं.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. २०१६ चा नियम योग्य होता आणि तो राहिला पाहिजे. वाटेचा दर मालाच्या धन्यावर ठरू नये. विरोधी बाजूचे पैशाचे, व्यवस्थापनाचे आणि बाजाराचे मुद्दे तपासल्यावर टिकत नाहीत. पण 'ज्याच्याकडे काहीच नाही त्याचं काय' हा त्यांचा पहिला मुद्दा टिकतो, आणि त्याचं उत्तर नियमाने दिलेलं नाही. ते सार्वजनिक पैशाने, खुल्या डेटाने आणि पोचणाऱ्या केबलने द्यावं लागेल.

पुढच्या वेळी वाटा मागणारं किंवा फुकट देणारं काही आलं, तर तीन गोष्टी विचारा. यादी कोण ठरवतं? यादीत नसलेल्या माणसाला माझ्यापर्यंत येता येईल का? आणि ज्याच्या नावाने हे चाललं आहे, त्याला कुणी विचारलं का? पहिले दोन प्रश्न कंपन्यांसाठी आहेत. तिसरा आपल्या सगळ्यांसाठी आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून सुरुवात करू या.